एका बाकावरचे सोबती

मकरसंक्रांत उजाडली की सुरत शहर खालचे मजले सोडून गच्च्यांवर राहावयास जाते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. आठ-पंधरा दिवस आधीपासून रस्त्यांच्या कडेला दोऱ्यावर रंग आणि काच चढविणाऱ्या कारागिरांच्या रांगा लागतात, आणि सणाच्या दिवशी लहान-थोर, धनी-नोकर, गुजराती-मराठी हे भेद काही घटका तरी विसरले जातात. पतंगाच्या ह्या खेळास दोन माणसे लागतात. एक पतंग उडविणारा आणि दुसरा त्याच्या मागे फिरकी धरून उभा राहणारा. फिरकी धरण्याचे काम कमी प्रतीचे नव्हे. ढील देताना ती मोकळी सुटली पाहिजे आणि दोरा परत घेताना गुंता न होता तो गुंडाळला गेला पाहिजे. परंतु हे काम आळीपाळीने करावयाचे असते. ज्याच्या हाती नेहमी फिरकीच असते आणि पतंग कधीच येत नाही, तो खेळात आहे असे म्हणावे काय?

हा प्रश्न मला काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या मैदानावर पडला. शहराच्या ज्या भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे दाटीने राहतात, तेथील ती शाळा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पाचवीची मुले मैदानावर पतंग उडवीत होती. त्यांत अंगाने थोराड असा एक मुलगा होता. मी तेथे तास-दीड तास होतो. तेवढ्या वेळात चार मुलांनी आळीपाळीने पतंग उडविला, पण फिरकी मात्र त्याच्याच हाती राहिली. वर्गशिक्षिकेस विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “त्याला बौद्धिक अक्षमता आहे. पण मुले त्याला मुळीच त्रास देत नाहीत हो. फार सांभाळून घेतात.” बाईंच्या स्वरात अभिमान होता आणि तो अनाठायी नव्हता. अशा मुलाच्या वाट्यास टपल्या, टोपणनावे आणि टिंगल येण्याचा अनुभव काही थोडा नाही. तरीही घरी परतताना मनात येत राहिले की, सांभाळून घेणे आणि सामावून घेणे ह्या दोन गोष्टी एक नाहीत. ह्या लेखाचा विषय ह्या दोहोंमधील अंतर हाच आहे.

हजेरीपटाचा हिशेब

प्रथम शब्दांचा खुलासा केलेला बरा. पूर्वी ज्यांस मंदबुद्धी वा मतिमंद म्हणत, त्यांच्याविषयी आता बौद्धिक अक्षमता हा शब्द रूढ झाला आहे. आकलन, विचार आणि शिकणे ह्यांची शक्ती वयाच्या मानाने बरीच कमी असणे, आणि त्याचबरोबर रोजच्या व्यवहारातील कौशल्ये उशिरा व कष्टाने साधणे, अशी ही अवस्था असते. ती लहानपणीच दिसून येते. हा मनोविकार नव्हे आणि संसर्गाने पसरणारा रोगही नव्हे. तिची कारणे अनेक आहेत. काहींमध्ये जन्मतः एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते; त्यास डाउन सिंड्रोम म्हणतात. काहींस जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडलेला असतो, तर काहींच्या बाबतीत गर्भवती मातेच्या आहारातील आयोडिनाची तूट कारणीभूत होते. पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. मात्र एक गोष्ट निश्चित आहे. ह्यांतील बहुसंख्य मुलांची अक्षमता सौम्य असते. ती बोलतात, खेळतात, रुसतात, मैत्री इच्छितात आणि वेळ दिल्यास पुष्कळ काही शिकतात.

आपण व्यापारी माणसे. आकड्यांत बोललेले आपणांस चटकन् उमगते. जगभरातील अभ्यासांचा एकत्र हिशेब केला असता दर हजारी सुमारे दहा माणसांस बौद्धिक अक्षमता असल्याचे आढळले आहे. तेव्हा हजार मुलांच्या शाळेत, ती खऱ्या अर्थाने सर्वांची असेल तर, अशी सात-आठ-दहा मुले असावयास हरकत नाही. आपल्यापैकी अनेक जण कोणत्या ना कोणत्या शाळेचे विश्वस्त किंवा देणगीदार आहेत. त्यांनी आपल्या शाळेचा हजेरीपट ह्या दृष्टीने एकदा पाहावा. पुष्कळ ठिकाणी अशी मुले एक-दोन आढळतील आणि काही ठिकाणी एकही आढळणार नाही. मग उरलेली मुले कोठे आहेत? काही विशेष शाळांत आहेत, काही घरी आहेत, आणि काही हजेरीपटावर असूनही वर्गाच्या जीवनात नाहीत.

वेगळ्या शाळेपासून शेजारच्या शाळेपर्यंत

ह्या मुलांस शिकविता येते, हेच मुळात लोकांस पटवून द्यावे लागले, आणि ते श्रेय विशेष शाळांचे आहे. मुंबईत 1944 मध्ये जय वकील आणि होरमसजी वकील ह्या पारशी दाम्पत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी व तिच्यासारख्या काही मुलांसाठी एक लहानसा वर्ग सुरू केला. त्यातूनच आजची जय वकील संस्था उभी राहिली. पुण्यात 1964 मध्ये सिंधूताई जोग ह्यांच्या पुढाकाराने कामायनी संस्था स्थापन झाली आणि मराठी पालकांस मोठा आधार मिळाला. ज्या काळात अशी मुले पाहुण्यांच्या दृष्टीसही पडू दिली जात नसत, त्या काळात ह्या संस्थांनी त्यांस गणवेश दिला, वेळापत्रक दिले आणि हातास काम दिले. ज्या मुलांची अक्षमता तीव्र आहे त्यांच्यासाठी अशा शाळांची गरज आजही आहे.

परंतु वेगळ्या शाळेची एक मर्यादा तिच्या वेगळेपणातच आहे. तेथे शिकलेल्या मुलास गल्लीतील मुले ओळखत नाहीत आणि गल्लीतील मुलांस तो परका राहतो. सर्वसाधारण शाळेतच अशा मुलांची जास्तीत जास्त सोय करावी, हा विचार 1964 ते 1966 ह्या काळातील कोठारी आयोगाने मांडला होता. 1974 मध्ये केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. 1994 मध्ये स्पेनमधील सालामांका येथे 92 देशांचे प्रतिनिधी जमले आणि सर्व मुलांस सामावून घेणारी शाळा हे ध्येय त्यांनी जाहीर केले. आपल्या देशातील दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा 2017 च्या एप्रिलपासून अमलात आला. त्याने बौद्धिक अक्षमतेचा समावेश 21 प्रकारच्या दिव्यांगतांत केला आणि सरकारी वा सरकारमान्य शाळांनी अशा मुलांस भेदभाव न करता प्रवेश द्यावा असे सांगितले. ज्यांची दिव्यांगता 40 टक्के वा त्याहून अधिक प्रमाणित झाली आहे, त्यांस 6 ते 18 वर्षे वयापर्यंत शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

अशा रीतीने शाळेचे फाटक उघडले गेले. फाटक उघडणे कायद्याच्या हाती असते. परंतु मधल्या सुट्टीत डबा उघडून शेजारी बसणे कोणत्याही कायद्याच्या हाती नसते. ते मुलांच्या हाती असते, आणि मुले ते आपल्या वडीलधाऱ्यांकडून शिकतात.

मुले काय मानतात

ह्या बाबतीत मुलांचे मन कसे चालते, ह्याचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. गॅरी सिपरस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मधल्या इयत्तांतील 5,837 विद्यार्थ्यांस प्रश्न विचारले. त्यांतून जे दिसले ते आपल्याकडील पालकांस व शिक्षकांसही ओळखीचे वाटेल. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांशी बहुतेकांचा संबंध फारच थोडा आलेला होता. ती मुले प्रत्यक्षात असतात त्याहून अधिक असमर्थ असतील, अशी त्यांची समजूत होती. चित्रकला वा खेळाच्या तासास असा सोबती चालेल, परंतु गणित-भाषेच्या तासास नको, असे त्यांचे मत पडले. आणि शाळेबाहेर, घरी वा बाजारात, त्याच्याबरोबर जाण्यास ती फारशी राजी नव्हती. परंतु त्याच अभ्यासात एक आशेचा धागाही मिळाला. ज्या मुलांनी अशा सोबत्यास एखादी गोष्ट नीट करताना प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांचे मत निराळे होते. सोबत्याचे कर्तृत्व पाहण्याची संधी मिळाली की त्याच्याविषयीचा ग्रह बदलतो, हा त्या अभ्यासाचा सारांश म्हणता येईल.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानी येते. वर्गात उभे राहून “ह्याच्यावर दया करा, हा बिचारा आहे” असे सांगितल्याने मैत्री होत नाही. उलट त्या एका शब्दाने तो मुलगा बाकावरून उठून जणू देवळाच्या पायरीवर जाऊन बसतो. दयेत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. मैत्रीत मात्र दोघांचे काहीतरी एकमेकांवाचून अडावे लागते. आपल्या दानशील समाजाने ह्या गोष्टीचा विशेष विचार करावा, असे मला नम्रतापूर्वक वाटते. शाळेस इमारत देणे आपणांस जमते; सोबत देणे हे त्याहून कठीण दान आहे, कारण ते चेकने देता येत नाही.

मग मैत्री घडावी कशी? गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये ह्या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आजही टिकून आहे. दोन गट नुसते एका छताखाली आल्याने त्यांच्यातील पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचे स्थान बरोबरीचे असावे, ध्येय एक असावे, ते गाठण्यासाठी परस्परांच्या सहकार्याची गरज पडावी, आणि वरिष्ठांचा त्यास उघड पाठिंबा असावा, अशा चार अटी त्याने सांगितल्या. सुरतकरांस ह्याची सत्यता पटवून देण्यास पुस्तकाची गरज नाही. ऑगस्ट 2006 मध्ये तापीच्या पुराने शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा ज्या शेजाऱ्यांचे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते त्यांनी एकाच गच्चीवर चूल मांडली. संकटाने ज्या चार अटी आपोआप पुऱ्या केल्या, त्याच शिक्षकाने वर्गात हेतुपूर्वक पुऱ्या करावयाच्या असतात.

वर्गात काय करता येते

आता त्या पाचवीतील मुलाची पुढील हकीकत सांगतो. ती मला त्याच बाईंनी नंतरच्या वर्षी सांगितली. एके दिवशी त्यांच्या लक्षात आले की, पतंगास कण्णी बांधण्याचे काम, ज्यास सुरतेत किन्ना म्हणतात, हा मुलगा अत्यंत नीटनेटके करतो. दोन्ही बाजूंचा दोरा बोटांनी मोजून, गाठ पक्की होईपर्यंत तो सोडत नाही. इतर मुले घाई करीत आणि त्यांचे पतंग एका अंगास झुकत. बाईंनी वर्गात जाहीर केले की, ह्या वर्षी किन्ना ह्याच्याकडूनच शिकून घ्यावयाचा. पहिल्या दिवशी मुले हसली. तिसऱ्या दिवशी त्याच्याभोवती घोळका जमला. आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी ज्या मुलाचा पतंग सर्वांत उंच गेला होता, त्याने आपण होऊन दोरा त्याच्या हाती दिला आणि फिरकी स्वतः धरली.

येथे गोष्ट संपविली असती तर ती गोड झाली असती. परंतु बाई प्रामाणिक होत्या. त्या म्हणाल्या, “सण संपला आणि आठ दिवसांत तो पुन्हा एकटाच डबा खाऊ लागला. तेव्हा मला कळले की, एका दिवसाच्या टाळ्यांनी काही होत नाही. रोजच्या तासांतच काहीतरी बसवावयास पाहिजे.” त्यांनी तसे बसविले. चार-चार मुलांचे गट केले आणि दर पंधरवड्यास त्यांतील मुले बदलली, म्हणजे एकच मुलगा त्याचा कायमचा ‘सांभाळणारा’ होऊ नये. प्रत्येक गटाच्या कामाचे असे भाग पाडले की, प्रत्येकाचा भाग आल्यावाचून काम पुरे होऊ नये. भूगोलाच्या नकाशात एकाने वाचावयाचे, एकाने रेखाटावयाचे, एकाने रंग भरावयाचा, एकाने नावांच्या चिठ्ठ्या चिकटवावयाच्या. ही पद्धत तशी नवी नव्हे. 1971 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांत तेढ होती, तेव्हा एलियट अॅरन्सन ह्यांनी अशाच प्रकारे धड्याचे तुकडे मुलांत वाटून दिले होते. त्या तुकड्यांवाचून धडा पुरा होत नसल्याने मुलांस एकमेकांचे ऐकणे भाग पडले.

बाईंनी आणखी एक लहानशी गोष्ट केली. तो मुलगा बोलताना अडखळला की वर्गातील हुशार मुली त्याचे वाक्य पुरे करीत. ते बंद करून, मनात दहा आकडे मोजून मग बोलावयाचे, असा नियम त्यांनी केला. “दहा आकड्यांत तो बहुतेक वेळा बोलतोच,” त्या म्हणाल्या. “आम्हीच इतके दिवस थांबत नव्हतो.” वर्षाच्या अखेरीस तो भागाकार शिकला काय? नाही. परंतु तो शेजाऱ्याशी भांडू लागला, आणि शेजारी त्याच्याशी. बाईंस ते फार शुभ वाटले. ज्यास केवळ सांभाळून घ्यावयाचे, त्याच्याशी कोणी भांडत नाही.

तरीही सर्व भार एकट्या वर्गशिक्षिकेवर टाकणे अन्यायाचे होईल. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात चांगल्या इच्छेसही हात अपुरे पडतात. 28 ऑक्टोबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण शाळांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण सांगितले. प्राथमिक स्तरावर दर 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर दर 15 मागे एक. हे शिक्षक प्रत्यक्ष वर्गात दिसू लागतील तेव्हाच बाईंसारख्यांचे श्रम टिकतील. शासनाची वाट न पाहता विश्वस्तांनी आपल्या शाळेपुरता एक प्रशिक्षित विशेष शिक्षक नेमला, तर त्या देणगीचे मोल एका सभागृहाहून अधिक होईल.

पालकांची शंका

“आमच्या मुलांच्या अभ्यासाचे काय?” हा प्रश्न पालकसभेत हमखास निघतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ह्या प्रश्नावर निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांपैकी बहुतेकांत असा सोबती वर्गात असल्याने इतर मुलांची प्रगती खुंटल्याचे दिसलेले नाही. आधाराची व्यवस्था असेल तर काही ठिकाणी लाभच दिसला. व्यवस्था नसेल, तर मात्र सर्वांचेच नुकसान होते आणि त्याचा दोष त्या एका मुलास दिला जातो. म्हणून पालकांनी त्या मुलास वर्गातून काढण्याची मागणी न करता शिक्षक वाढविण्याची मागणी करावी.

सुरतेस तर ह्या बाबतीत दूरची उदाहरणे शोधण्याची गरज नाही. ह्याच शहरातील अन्वी झांझरुकिया ही डाउन सिंड्रोम असलेली मुलगी योगासनांतील आपल्या नैपुण्यामुळे ‘रबर गर्ल’ म्हणून ओळखली जाते आणि 2022 मध्ये तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. पुण्याची गौरी गाडगीळ ही डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू. तिच्या जीवनावरील ‘यलो’ ह्या 2014 मधील मराठी चित्रपटात तिने स्वतःची भूमिका स्वतःच केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. अशी उदाहरणे मुलांस अवश्य सांगावीत, पण जपून सांगावीत. पदक मिळविणाऱ्यासच मान द्यावा, असा धडा त्यातून निघू नये. ज्यास आसने येत नाहीत, पोहता येत नाही आणि किन्नाही बांधता येत नाही, त्याचाही बाकावर तितकाच हक्क आहे.

आज बाक, उद्या पेढी

शेवटी, ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या वार्षिकात का लिहावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. आज जो मुलगा तिसऱ्या बाकावर बसून शेजाऱ्याकडे पाठ फिरवीत आहे, तोच पंधरा वर्षांनी वडिलांच्या गादीवर बसेल आणि कोणास कामावर ठेवावयाचे ते ठरवील. 2016 च्या कायद्याने खाजगी मालकांनाही उत्तेजन देण्याची तरतूद केली आहे. नोकरवर्गात किमान 5 टक्के दिव्यांग असावेत असा तिचा हेतू आहे. कापडबाजारात घडी घालणे, चिठ्ठ्या लावणे, गठ्ठे मोजून रचणे, अशी कितीतरी कामे आहेत की ज्यांस वेगापेक्षा नीटपणा अधिक लागतो. परंतु ज्याने शाळेत अशा सोबत्याबरोबर एकही नकाशा रंगविला नाही, त्या मालकाच्या मनात हे येणार कसे? त्यास फक्त दाखल्यावरील टक्केवारी दिसेल. ज्याने नकाशा रंगविला आहे, त्यास दोन्ही बाजूंचा दोरा मोजून गाठ बांधणारी ती बोटे आठवतील.

अशा मुलाच्या आईबापांस रात्री जागविणारा प्रश्न भागाकाराचा नसतो. “आमच्यामागे ह्याचे कोण?” हा असतो. त्याचे उत्तर सरकार काही अंशी देईल, संस्था काही अंशी देतील. पण खरे उत्तर त्या मुलाच्या वर्गातील चाळीस-पन्नास मुलांपाशी आहे. ती मोठी होऊन ह्याच शहरात दुकाने थाटतील, कारखाने चालवतील, दवाखाने उघडतील, नगरपालिकेत बसतील. रस्त्यात तो भेटला असता त्यांपैकी पाच-सहा जणांनी जरी त्यास नावाने हाक मारली, तरी त्या आईबापांची चिंता पुष्कळ हलकी होईल.

तेव्हा व्यापारीबंधूंनो, येत्या संक्रांतीस गच्चीवर जाल तेव्हा एवढेच पाहा. आपल्या गच्चीवर, आपल्या नातवंडांच्या घोळक्यात, फिरकी कोणाच्या हाती आहे आणि ती किती वेळापासून आहे. आणि तसा कोणी दिसलाच, तर आपल्या नातवास जवळ बोलावून सांगा, “बाळ, आता फिरकी तू धर.”